पोळ्याच्या झडतीवर कॉलेजाची चौकशी

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. कॉलेजातल्या एका बाईनं शाईचं पॅड माह्यापुढं सरकवलं अन् माहा आंगठा आपल्या दोन बोटाच्या चिमटीत धरला. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा. म्हणाली, "घाबरू नका बाबा. इथं फक्त टेकवायचा."

मले सही येते. चौथीपरेंत शिकलो. पण कोणी विचारलंच नाही. धोतर पाह्यलं, पायाच्या भेगा पाह्यल्या अन् पॅड काढलं.

म्या आंगठा सोडवून घेतला. पण त्याच्या आधी त्याच खोलीत म्या काय केलं, ते सांगतल्याशिवाय ही गोष्ट खरी होत नाही. खोलीच्या दारात म्या चपला काढल्या. कोणी काढ म्हटलं नव्हतं. आतले सगळे बुटं घालून बसले होते. मी अनवाणी उभा राह्यलो, हात जोडले, अन् काही विचाराच्या आधीच माह्या तोंडातून निघालं, "लेकरू हाय साहेब. चुकलं."

बाजूले माही नात पूनम उभी होती. तिनं माह्याकडं पाह्यलं. ती नजर मी मरेपरेंत विसरणार नाही. कारण तिचं काही चुकलं नव्हतं. अन् ते मले तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आता मुळापासून सांगतो.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, डोणगावच्या अलीकडं. पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल सजवून आंब्याच्या पानाच्या तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटाच्या आधी कोणीतरी जुळवलेल्या ओळी मोठ्यानं म्हणते अन् शेवटी सारं गाव हर हर महादेव करते. त्या ओळी म्हणजे झडती. तिच्यात बैलाचं कवतिक असते, देवाचं नाव असते, अन् गावातल्या मोठ्या माणसानं वर्षभर जे केलं ते त्याच्याच तोंडावर सांगाची सोयही असते. तोरणाखाली ज्याचं नाव निघालं त्यानं उभ्या उभ्या ऐकून घ्याचं. उलटून बोलाचं नाही. दुसर्‍या दिवशी डूख धराचा नाही. असा कायदा. कोणी लिहिला नाही, पण कोणी मोडलाही नव्हता.

आमच्या गावात पन्नास वर्ष झडती म्याच म्हटली. त्यातली पयली चौदा वर्ष मी पाटलाच्या घरी सालदार होतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. जुना पाटील काही देव नव्हता. वर्षभर त्यानं मले नावानं हाक मारली नाही, बे म्हणूनच मारली. पण पोळ्याच्या दिवशी त्याचाच सालदार त्याच्याच विहिरीवर झडती म्हणे, अन् पाटील मिशीले ताव देत ऐके. दात खात असंन. पण ऐके. तेवढी त्याची लायकी होती.

त्याच्या लेकाची तेवढीही नाही.

लेक म्हणजे कॉलेजाच्या संस्थेचा अध्यक्ष. त्याले आता कोणी नावानं बोलावत नाही, दादासाहेब म्हणतात. बाप वारल्यावर जमीन होतीच, त्यानं तालुक्याच्या रोडवर तीन मजली कॉलेज बांधलं. पोळ्याले अजून गावात येते. मानाची जोडी त्याचीच, तोरणाखाली पयली तीच जाते. त्या साली त्याच्या बैलाच्या झुलीवर त्याच्या संस्थेचं नाव कशिद्यानं काढलेलं होतं. बैलालेही शिकवलं म्हणाव यानं.

पूनम त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसर्‍या वर्षाले. सकाळी सातच्या एसटीनं जाते, तीन वाजता परत. घरातून निघताना पाणी पीत नाही. एक दिवस तिच्या आजीनं दटावलं, "काऊन वं, तहान लागत नाही का तुले?" तेव्हा निघालं. पोरीइच्या संडासाले कुलूप असते. तपासणीवाले येतात त्या दिवशी उघडते, फिनाइल टाकतात, फोटो काढतात. तपासणीवाले गेले का पुन्हा कुलूप. म्हणतात, खराब होते. तीनशे-चारशे पोरी. सकाळपासून दुपारपरेंत. वर्गात आंग चोरून बसतात अन् बाप विचारते, पोरगी हुशार होती, मार्क काऊन कमी पडले?

म्या ते ऐकलं. चार दिवस बैलामागं चालता चालता ओळी जुळवल्या.

"कॉलेज बांधलं तीन मजली, रंग देल्ला गुलाबी,
पोरीइच्या संडासाले कुलूप, दादासाहेबापाशी चाबी.
तपासणी आली का कुलूप निघते,
तपासणी गेली का पुन्हा लागते.
माह्या बैलाले हागाले सारं रान,
शिकत्या पोरीले नाही तेवढाही मान.
हर हर महादेव!"

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभा राह्यलो. पयली ओळ म्हटली अन् खोकल्याची उबळ आली. वाकलो तो वाकलोच. डोळ्यात पाणी. मानाच्या जोडीपाशी दादासाहेब हसला. कोणीतरी म्हणालं, "झालं, म्हातारा आटपला यंदा." लोक हसले.

तेवढ्यात मारुतीच्या ओट्यावरून आवाज आला. पूनमचा. तिले पाठ होती. चार दिवस घरात तेच चालू होतं. बायका ओट्यावरून पाह्यतात, बोलत नाहीत. तोरणाखाली बाईमाणसाचा आवाज आमच्या गावानं कधी ऐकला नव्हता. ती थांबली नाही. शेवटच्या ओळीपरेंत एका दमात गेली. महादेवाची आरोळी अशी उठली का बैल बुजले.

दादासाहेबानं हात जोडले, हसला, गाडीत बसला. मले वाटलं, बापाचा लेक हाय. ऐकून घेतलं.

कोणाच्या तरी मोबाइलात ते उतरलं. दोन दिवसात चिखलीपरेंत गेलं. तिसर्‍या दिवशी पूनमच्या हातात कागद आला. शिस्त समितीपुढं पालकाले घेऊन हजर राह्यचं. तिचा बाप, माहा लेक, पुण्याकडं कंपनीत. त्यानं फोनवर सांगतलं, "बाबा, जे म्हणतील ते करून टाका. तुमचं काय जाते? पोरीचं वर्ष जाईन." म्हणून मी गेलो. म्हणून चपला काढल्या. म्हणून ते तोंडातून निघालं.

खोलीत तिघं होते. मधात प्राचार्य. एका बाजूले पॅडवाली बाई, पुण्याकडची असावी, प्रत्येक शब्द धुऊन वाळवून बोले. दुसर्‍या बाजूले विद्यापीठातून आलेला एक साहेब. त्याच्यापुढं काजूची बशी. भिंतीवर दादासाहेबाचा फोटो. तो स्वतः आला नव्हता. अशा कामाले तो कायले येईन? त्यासाठी त्यानं शिकलेली माणसं ठेवली होती.

बाईनं माही झडती कागदावरून वाचून दाखवली. मयतीत लग्नपत्रिका वाचावी तशी. 'हागाले' या शब्दापाशी थांबली. म्हणाली, "हा शब्द तुमच्या नातीनं हजार लोकांसमोर उच्चारला."

म्या विचारलं, "मंग काय म्हणावं बाई? तुमच्याकडं बैल काय करते?"

पूनमनं मान खाली घातली. हसू दाबत होती. तेव्हा मले जरासा श्वास आला.

प्राचार्य म्हणाले, "शब्दाचा प्रश्न नाही आजोबा. संस्थेच्या प्रतिमेचा प्रश्न आहे. महाविद्यालयाची बदनामी झाली."

"कुलूप हाय का नाही?"

"तो आजच्या बैठकीचा विषय नाही."

"सर, तुम्ही कुठचे?"

"जानेफळकडचा."

"मंग तिकडं पोळा भरत नाही का?"

त्याइनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. या माणसानंही लहानपणी तोरणाखाली उभं राहून महादेवाची आरोळी ठोकली असंन. त्याले सगळं माहीत होतं. त्या खोलीत सगळ्यात हलका माणूस तोच होता. बाईले निदान माहीत तरी नव्हतं.

मंग विद्यापीठाचा साहेब बोलला. काजू चावून झाल्यावर. "हे पाहा, विद्यार्थी हा चोवीस तास विद्यार्थी असतो. आवारात असो, गावात असो, घरी असो. त्याच्या वर्तनावर विद्यापीठाचा अधिकार असतो. कॉलेजचं गेट ओलांडलं म्हणजे सुटला असं होत नाही."

चोवीस तास.

हा शब्द माह्या ओळखीचा होता. सालाची बोली ठरली तेव्हा जुन्या पाटलानं मले हेच सांगतलं होतं. सालदार चोवीस तास सालदार. जेवत असशील तं ताटावरून उठाचं. माह्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मांडव आमच्या दारी, नवरदेव वेशीपाशी आलेला. पाटलाचा निरोप आला, पावणे स्टँडावर उतरले, गाडी जुंप. अन् मी गेलो. आंगावर हळदीचे हात असताना मी पाटलाच्या पावण्याची गाडी हाकली. परत आलो तं अक्षता पडून गेल्या होत्या. बहीण म्हणाली, "दादा, तू नव्हता." एवढंच म्हणाली. त्याले आता पन्नास वर्ष होत आली.

पाटलानं मले गडी म्हणून ठेवलं होतं, म्हणून त्याची तेवढी हिंमत. माह्या नातीनं यांच्या कॉलेजात नाव घातलं ते शिकाले. साल नाही लावलं.

तेवढ्यात बाईनं कागद काढला अन् पॅड सरकवलं अन् माहा आंगठा धरला.

म्या तो सोडवून घेतला. म्हटलं, "आधी वाचतो."

ती म्हणाली, "मी वाचून दाखवते ना."

"तुम्ही झडती वाचली ते ऐकलं म्या. हे राहू द्या."

खुर्ची ओढली अन् बसलो. कोणी बस म्हटलं नव्हतं. मले वाचाले वेळ लागते. बोट ठेवून एकेक अक्षर घेतो, तोंडानं पुटपुटतो. त्याइले बसावं लागलं. प्राचार्यानं दोनदा घड्याळ पाह्यलं. साहेबाचे काजू संपले. मी वाचत राह्यलो. जन्मात पयल्यांदा तीन बुटवाले माह्यासाठी ताटकळले.

कागदावर असं होतं. पूनमनं सगळ्या कॉलेजापुढं उभं राहून माफी वाचाची. अन् पालकानं हमी द्याची का माही नात महाविद्यालयाच्या आवारात, तसेच आवाराबाहेर, गावात, स्वतःच्या घरी, सण-उत्सवात व मोबाइलवर, संस्थेविषयी अनुचित काही बोलणार नाही. असं केल्यास तिचा प्रवेश रद्द झाला तरी माही तक्रार नाही.

'स्वतःच्या घरी' इथं माहं बोट थांबलं.

म्हटलं, "साहेब, तिनं परीक्षेत कॉपी केली तं तिले उठवा. बाक मोडला तं तिच्याकडून भरून घ्या. कॉलेजातल्या कोण्या लेकराले तिनं छळलं, मंग आत छळो का बाहेर छळो, तं मीच तिले कान धरून तुमच्यापुढं आणीन. त्याच्यात मी आडवा येत नाही. पण चुलीपाशी बसून ती आजीले काय सांगते, ते तुम्हाले कोणी वावर म्हणून लावून देल्लं? मी जन्मभर शेती केली. दुसर्‍याच्या धुर्‍यात नांगराची एक रेघ गेली तं खून पडतात आमच्याकडं. अन् तुम्ही शिकलेले लोक सरळ माह्या घरात नांगर घालून राह्यले?"

साहेब म्हणाला, "तुम्ही विषय समजून घ्या."

"समजला. चोवीस तास ती तुमची. मंग मागच्या महिन्यात तिले ताप होता तेव्हा तिच्या उशाशी तुमच्यापैकी कोण बसलं होतं? सोयाबीन सोंगाले येते ती आमच्यासंगं, तुमचा एक तरी माणूस विळा घेऊन आला का? चोवीस तास तुमची हाय म्हणता, अन् त्यातले सहा तास तिले मुताची सोय करून देत नाही."

बाई उठून उभी राह्यली. प्राचार्य म्हणाले, "भाषा सांभाळा."

"भाषा सांभाळतो सर. तुम्ही कुलूप सांभाळा."

मंग म्या जे आधीच सांगाले पाह्यजे होतं ते सांगतलं. "झडती माही हाय. ओळ न् ओळ माही. खोकला आला नसता तं म्याच म्हटली असती. शिक्षा कराची तं मले करा."

साहेब हसला. "तुम्ही आमचे विद्यार्थी नाही."

"म्हणजे मी बोललो तं तुमचं काहीच चालत नाही. अन् तेच माह्या नातीनं बोललं तं तिचं वर्ष खाता. म्हणजे शिकली म्हणून तिचं तोंड माह्यापेक्षा लहान झालं. चांगलं शिकवता बा तुम्ही."

प्राचार्यानं कागद पूनमकडं केला. आवाज मऊ केला. आमच्याकडं खाटीकही बकर्‍याले आधी पाला दाखवते. "बेटा, तू समजदार आहेस. परीक्षेचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख आहे. हा कागद सही होऊन आला की फॉर्म घेऊ. नाही आला तर आमचे हात बांधलेले आहेत."

कागद घेऊन आम्ही बाहेर आलो. चपला घातल्या. स्टँडावर बाकड्यावर बसलो. माहा सगळा ताव उतरला. आत बोलताना मी मोठा होतो, बाहेर फॉर्म दिसाले लागला. वर्ष माहं नव्हतं, तिचं होतं. माह्या ओळी, माहा खोकला, माही मिजास, अन् नुकसान पोरीचं. लेकाचा फोन वाजत होता, म्या उचलला नाही. म्हटलं, "पूनम, तू म्हणशील तं मी सही करतो. मले कमीपणा नाही."

ती म्हणाली, "आबा, आत तुम्ही आधी म्हटलं ना, चुकलं म्हणून. तेव्हा मले वाटलं, घरचाच माणूस असं म्हणते, तं आता आपण घरी कायले जावं?"

मार खाल्ला तरी एवढा लागला नसता.

"माफी मागाची असती तं म्या पयल्या दिवशीच मागतली असती," ती म्हणाली. "माह्या वर्गातल्या पोरी मले विचारून राह्यल्या, तू झुकली का? त्याइले काय सांगू?"

"अन् वर्ष गेलं तं?"

"वर्ष कायले जाते? फॉर्म भराचा हक्क हाय माहा. ते घेत नाहीत, हे त्याइचं. आपण फॉर्म देणारच नाही असं काऊन धरता?"

मंग मले एक गोष्ट दिसली. तिनंही नव्हती पाह्यली. म्या तो कागद पुन्हा काढला, उलटापालटा केला. सगळ्यात खाली विद्यार्थिनीची सही, अशी जागा. पालकाची सही, अशी जागा. दोन साक्षीदार. अन् त्याइची? कुठंच नाही. ज्यानं हुकूम देल्ला त्याचं नाव नाही, सही नाही, शिक्का नाही. ना प्राचार्याचा, ना विद्यापीठाचा. माह्या घरापरेंत हात लांबवणारे हे लोक, त्या हाताची सही कराले भितात.

म्या आयुष्यात लई माणसाइले भ्यालो. पाटलाले भ्यालो, तलाठ्याले भ्यालो, फौजदाराले भ्यालो. त्याइच्यापाशी निदान काठी होती, शिक्का होता. याइच्यापाशी काय होतं? काजू.

दुसर्‍या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. म्या धुतलेलं धोतर घातलं. आठपासून कॉलेजाच्या खिडकीपुढं रांगेत पयला नंबर आमचा. दहाले खिडकी उघडली. आत क्लार्क, चष्मेवाला, तोंडात सुपारी. पूनमनं फॉर्म आत सरकवला. त्यानं नाव वाचलं, माह्याकडं पाह्यलं, फॉर्म परत सरकवला.

"हा थांबवलाय. तो दुसरा कागद आणलाय का?"

"नाही," म्या म्हटलं. "तो देणार नाही. हा घे."

"घेता येत नाही बाबा."

"कोण म्हणते?"

"वरून आदेश आहे."

"वरून म्हणजे कोण? नाव सांग."

त्यानं मागं पाह्यलं. मागं प्राचार्याची केबिन, दार लोटलेलं. आत दिवा चालू होता. कोणी बाहेर आलं नाही.

"बाजूला व्हा. रांग खोळंबली."

रांगेत चाळीसेक पोरं-पोरी उभ्या होत्या. सगळे मोबाइलात डोकं घालून. मी कोणाकडून मदतीची आशाही केली नव्हती. म्या फॉर्म पुन्हा आत सरकवला. सोबत एक कोरा कागद ठेवला. त्यावर माहा पेन ठेवला.

म्हटलं, "घेत नसशील तं नको घेऊ. पण हिचा फॉर्म घेत नाही असं या कागदावर लिही. काऊन घेत नाही ते लिही. पोळ्याच्या दिवशी ही आपल्या गावात बोलली म्हणून, असं सरळ लिही. कोणाच्या हुकमानं ते लिही. खाली सही कर, शिक्का मार. तो कागद घेऊन मी पुढं जातो, जिथपरेंत जाता येईन तिथपरेंत."

त्याचा हात पेनाकडं गेला नाही. तो उठला, केबिनीत गेला, दोन मिनिटात परत आला. बसला. फॉर्मकडं पाह्यलं नाही, माह्याकडं पाह्यलं नाही.

"साहेब म्हणतात, लिहून काही देता येणार नाही."

"मंग फॉर्म घे."

"तेही नाही."

"मंग मी इथून हलत नाही."

अन् म्या खिडकीचा गज धरला.